पांढरा थर दिसतो. जे दिसत नाही त्याचं काय?

*बालाघाटाच्या माथ्यावरचं पाणी जड आहे, हे सगळ्यांनाच माहीत. पण जड म्हणजे वाईट आणि हलकं म्हणजे चांगलं, हा हिशेब काही बरोबर नाही. त्या हिशेबावर आपण रोज पैसे मात्र मोजतोय.*

घरातली अंघोळीची बादली एकदा उलटी करून बघा. आतून पांढरट, खरखरीत थर बसलाय? हिटरच्या कॉईलवर चुन्यासारखा लेप चढलाय? साबण घासून घासून झिजतो, पण फेस काही येत नाही? केस धुतले तरी चिकट आणि ताठ राहतात? तुरीची डाळ शिट्ट्या वाढवूनही कणीदारच राहते आणि मग आई त्यात चिमूटभर सोडा टाकते?

मांजरसुंबा, नेकनूर, पाटोदा या पट्ट्यात हे प्रश्न विचारले तर बऱ्याच जणांच्या माना डोलतील. उत्तर तयार असतं, ‘आमच्याकडचं पाणी जड आहे.’ या एका वाक्यातून पुढचे सगळे निर्णय होतात. प्यायला जार लावायचा. ऐपत असेल तर आरओ बसवायचा. मुतखडा झाला तर पाण्याला दोष द्यायचा. केस गळाले तरी पाण्यालाच. आणि गावच्या नळाला येणारं पाणी ‘वापरायचं पाणी’ म्हणून सोडून द्यायचं.

आता जरा वेगळा प्रश्न. तुमच्या नळाच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? अहवालात काय आलं? तो कुणाकडे आहे?

माहीत नाही ना? म्हणजे पाणी वाईट आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, पण कशामुळे आणि किती, हे माहीत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

पाणी जड होतं कसं?

पावसाचा थेंब जमिनीवर पडतो तेव्हा त्यात क्षार जवळपास नसतातच. जडपणा तो नंतर कमावतो.

बीडहून सोलापूर रस्त्याने निघालात की पालीजवळचं बिंदुसरेचं धरण मागे पडतं, घाट लागतो आणि घाट चढून तुम्ही मांजरसुंब्याच्या चौकात येता. एक रस्ता सोलापूरकडे, एक पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडे. रस्ते इथे येऊन मिळतात. पाण्याचं मात्र उलटं. हा बालाघाटाचा माथा आहे. उत्तरेच्या उतारावरचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातं. दक्षिणेला मांजरा. ती याच डोंगररांगेत उगम पावते, धनेगावच्या धरणातून लातूर, बीदर, तेलंगण असं मोठं वळण घेते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते. थोडक्यात, माथ्यावरून पाणी निघून जातं. दुसरीकडचं पाणी घेऊन येणारी मोठी नदी माथ्याला नसते. मग उरतं काय? आपल्याच शिवारात पडलेला पाऊस, त्यातला जो जमिनीत मुरला तेवढा.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. तो मुरतो तो काळ्या बेसाल्ट खडकात, म्हणजे आपल्या भाषेत काळ्या पाषाणात. मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी खडकाच्या भेगांतून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं की खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू त्यात उतरतं. काळ्या मातीखालची चुनखडी भर घालते ती वेगळीच. शाळेत शिकलेले सुफेन आणि दुष्फेन हे शब्द आठवतात? दुष्फेन पाणी म्हणजे हेच.

म्हणून तर मुंबईचं पाणी हलकं. ते तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून येतं. पाऊस पडला, साठला, नळाला आला. खडकात मुरायला त्याला वेळच मिळाला नाही. बीड शहरालाही माजलगाव आणि बिंदुसरा या धरणांचं पाणी जातं. घाटाखालच्या शहरात धरणाचं पाणी आणि घाटावरच्या गावात विहिरीचं किंवा बोअरचं, एवढ्या अंतरात साबणाचा फेस बदलतो तो यामुळे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यात गेलेल्या मित्राला विचारा. धरणाचं पाणी येणाऱ्या पेठेत राहत असेल तर म्हणेल, ‘इथे साबण पटकन फेसाळतो.’ तोच उपनगरात बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत गेला की पुन्हा बादलीला पांढरा थर.

जडपणा म्हणजे घाण नाही. पाणी कुठून आलं आणि खडकात किती राहिलं, याचा तो दाखला आहे.

जड पाणी शरीराला काय करतं?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. २०१२ मध्ये ते सुधारण्यात आलं. त्यानुसार एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. दोन आकड्यांमध्ये एवढी मोठी फट का? कारण ही मर्यादा बरीचशी चव, साबण आणि पाइपात साठणारे क्षार बघून ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. लंडनच्या नळालाही जड पाणी येतं. तिथल्या किटलीत आपल्या हिटरसारखाच पांढरा थर बसतो आणि लोक तेच पाणी पितात.

मग मुतखडा? सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच. मुतखड्यात कॅल्शियम असतं, जड पाण्यातही कॅल्शियम असतं, म्हणून पाण्याने खडा झाला, असं आपण जोडून टाकतो. शरीराचा हिशेब इतका सरळ नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणासोबत पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, ते मग मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. १९९३ मध्ये अमेरिकेत हजारो पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात कॅल्शियम जास्त होतं, त्यांना खडे कमी झालेले दिसले. जड पाण्यामुळेच मुतखडा होतो असा ठोस पुरावा नाही. धोका नक्की वाढतो तो पाणी कमी प्यायल्याने. उन्हात तासन् तास काम आणि घोटभर पाणी. ऊसतोडीच्या फडात, बांधकामावर किंवा मोटारसायकलवर दिवस काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी जड लागतं म्हणून कमी पिणं हा उपाय नाही, त्याने अडचणच वाढते. खड्याचा त्रास आधीच असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चला.

केसांचं काय? जड पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साका होतो. तो केसांवर आणि त्वचेवर बसतो. केस राठ होतात, कोरड्या त्वचेला खाज सुटते. हा त्रास खरा आहे. पण पाण्याने टक्कल पडतं, असं ठामपणे सांगणारा पुरावा नाही. मॅग्नेशियम आणि सल्फेट दोन्ही जास्त असलेल्या पाण्याने नवख्या माणसाचं पोट बिघडू शकतं. पाहुण्यांना पहिले दोन दिवस ‘पाणी बाधतं’ त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

खिशाला त्रास होतो तो वेगळा. साबण जास्त लागतो, क्षाराच्या थरामुळे हिटर जास्त वीज खातो, ठिबकच्या नळ्या चोक होतात आणि त्यांना ॲसिड ट्रीटमेंट द्यावी लागते. काही तणनाशकं जड पाण्यात नीट काम करत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे पाठ असतं.

जड पाणी त्रासदायक आहेच. पण त्रासदायक आणि धोकादायक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धोका कशात आहे?

धोका अशा गोष्टींत आहे, ज्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. बादलीवर त्यांचा थर बसत नाही.

पहिला म्हणजे जंतू. विहिरीशेजारचा उकिरडा, गळकी पाइपलाइन, गटारातून गेलेला नळ, उघड्या तोंडाची टाकी. मानक सांगतं, १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. हगवण, कावीळ, टायफॉइड हे इथून येतात. काचेसारखं नितळ, चवीला गोड पाणीही दूषित असू शकतं. त्यावर साधा उपाय म्हणजे टीसीएल पावडर, आपली ब्लीचिंग पावडर. ती टाकीत टाकली की झालं, असं मात्र नसतं. शेवटच्या घरातल्या नळाच्या पाण्यातही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे. टाकीजवळच्या घरात वास येतो आणि शेवटच्या वस्तीत क्लोरीन शून्य, हे चालत नाही. आणि शेवटची वस्ती बहुतेकदा कुणाची असते, हे तुम्हाला माहीत आहेच.

दुसरा नायट्रेट. शेतात टाकलेला युरिया, जनावरांचं शेणमूत, शौचालयाचे शोषखड्डे यांतून तो उथळ विहिरीत उतरतो. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. जडपणाला ६०० पर्यंत सूट आहे, नायट्रेटला सूटच नाही. कारण तो जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात गेलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात तो उलट दाट होतो. ‘बाळासाठी उकळून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसाच राहतो.

तिसरा फ्लोराइड. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५. त्याच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी दातांवर पट्टे आणि डाग, नंतर सांधे आणि मणका ताठर होत जातो.

हलकं पाणीही फसवू शकतं

आता या गोष्टीतला सगळ्यात अनपेक्षित भाग.

फ्लोराइड आणि कॅल्शियम यांचं एकमेकांशी रासायनिक नातं आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला पकडून खाली बसवतं. त्यामुळे ज्या भूजलात फ्लोराइड जास्त सापडतो, त्यात कॅल्शियम बऱ्याचदा कमी असतं. म्हणजे ते पाणी तुलनेने हलकं! साबणाला फेस बरा येतो, बादलीला थर कमी बसतो.

विहीर आटली, मग बोअर घेतला. तो आटला, मग आणखी खोल. खोल खडकात खूप काळ अडकून राहिलेल्या पाण्यात कधी कधी कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. पाणी लागल्याचा आनंद असतो, चव कमी जड लागते आणि सगळे म्हणतात, ‘नशीब, चांगलं पाणी लागलं.’ प्रत्येक खोल बोअरमध्ये असं होतं असं नाही. पण तपासल्याशिवाय ‘चांगलं’ म्हणणं धोक्याचं आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि बोअरही त्यात येतात. आपल्याकडे बोअरच्या गप्पा किती फुटांवर गेल्यात, ते तुम्हीच आठवा.

सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो. जडपणा जिभेला आणि डोळ्यांना कळतो, म्हणून आपण त्याच मापाने पाणी मोजतो. पण जड पाणी सुरक्षित असू शकतं आणि हलकं पाणी धोक्याचं. फरक फक्त तपासणीतच कळतो.

टीडीएसचं पेन आणि दोन दांड्यांचा खेळ

आपल्या या सवयीवर एक मोठा बाजार उभा आहे. आरओ विकायला माणूस घरी येतो. खिशातून पेनासारखा मीटर काढून तुमच्या पाण्यात बुडवतो. आकडा येतो ८५०. मग मशीनच्या पाण्यात बुडवतो, आकडा ४०. घरातले सगळे गार.

तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. त्या आकड्यात कॅल्शियम किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे मीटरला कळत नाही. जंतू तर अजिबातच नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या हंड्यातही पेन छानसा ३०० आकडा दाखवू शकतं.

दुसरा खेळ आणखी भारी. दोन पेल्यांत धातूच्या दांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं. आरओचं नितळ राहतं. ‘बघा, काय पिताय तुम्ही!’ ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. विजेमुळे लोखंडी दांडीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि दांडी झिजत नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखव म्हणावं, तेही तपकिरी होईल. बारावी सायन्सच्या पोराने एवढा प्रश्न तरी विचारायलाच हवा.

आरओ वाईट आहे असं नाही. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खूप जास्त क्षार तपासणीत निघाले तर आरओ उपयोगाचाच आहे. पण तो फुकट काम करत नाही. साधारण घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडतं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच सांगितलं होतं, की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू देऊ नये. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तीन लिटर मोरीत सोडताना दोनदा विचार केलेला बरा. मशीन लावलंच असेल तर ते पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला, शौचालयाला चालतं.

जारचा हिशेब

आता जार. समजा, २० लिटरचा जार २० रुपयांना पडतो आणि घरात रोज एक लागतो. महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,३०० रुपये. उन्हाळ्यात, लग्नकार्यात, पाहुणे आले की आणखी.

एवढे पैसे मोजून मिळतं काय? सीलबंद बाटलीतलं पाणी अन्नसुरक्षा कायद्याखाली येतं. २०२४ च्या अखेरीस केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला ‘उच्च जोखमीच्या’ पदार्थांच्या गटात टाकलं, म्हणजे कारखान्यांची तपासणी कडक व्हायला हवी. पण टोपण लावलेला, सील नसलेला थंड पाण्याचा जार? त्यावर कारखान्याचं नाव नसतं, तारीख नसते, बॅच नसते. तो आत्ता कुठून भरून आला, मागच्या घरी त्यात कुणी हात घातला, जार धुतला कसा, हे विचारायला आपल्याकडे काहीच नसतं. शिवाय मशीनमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. अस्वच्छ जारमध्ये ते पडून राहिलं तर जंतू वाढायला मोकळं रान. थंड आहे, गोड आहे, म्हणून शुद्ध आहे, हा निव्वळ समज.

सगळे जारवाले फसवतात, असं इथे म्हणायचं नाही. बरेच जण नीट धंदा करत असतील. पण ते नीट करतात की नाही, हे तुम्हाला कळण्याची सोयच नाही.

आणि पैशापेक्षा मोठी किंमत दुसरीच आहे. ज्या घरांना परवडतं ती जार लावतात. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ती बहुतेक हीच घरं. त्यांच्या पिण्याचा प्रश्न सुटला की ग्रामसभेत नळाच्या पाण्यावर बोलायला कुणी उरत नाही. ज्यांना परवडत नाही ते तेच पाणी पीत राहतात. त्यांची तान्ही बाळं, कारखान्यावरून सहा महिन्यांनी परतलेली कुटुंबं, शेवटच्या वस्तीतली घरं. नळ सगळ्यांचा होता. जारने गावाचे दोन भाग केले, पैसे भरून बाहेर पडलेले आणि मागे राहिलेले.

मग विचारायचं कुणाला?

व्यवस्था कागदावर तरी आहे. ती ओळखून घ्या.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने घेणं, टीसीएल नीट टाकलं जातंय का ते बघणं, क्लोरीनसाठी ओटी टेस्ट करणं, हे त्याचं काम. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत नमुने तपासले जातात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. तुमच्या गावाला कोणतं मिळालंय?

एक मात्र लक्षात ठेवा. हे कार्ड विहिरीभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा साठा अशा गोष्टी बघून देतात. हिरवं कार्ड म्हणजे फ्लोराइड नाही, असा अर्थ होत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीचा अहवाल वेगळा मागावा लागतो.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. बातम्या नळजोडणीच्या आकड्यांच्या आल्या. त्याच योजनेतली दुसरी तरतूद मागे राहिली. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आणि गावाला तपासणीचं किट द्यायचं. जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन यांचा अंदाज या किटने गावातच येतो. जंतूंसाठी एचटूएसची छोटी बाटली असते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाणी दूषित. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण? किट उघडलंय, की कपाटात तसंच आहे? कदाचित त्यातली एक तुमची काकू किंवा वहिनीच निघेल.

बीड ते मांजरसुंबा रस्त्याने जाताना खजाना विहीर लागते. १५८२ मध्ये निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधवून घेतली. रचनाकार म्हणून राजा भास्कर यांचं नाव सांगितलं जातं. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यातून उताराने शेताकडे जातं. मोटार नाही, वीज नाही. जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे आधी ओळखून मग त्यांनी खोदलं. आपल्याकडे आज प्रयोगशाळा आहे, किट आहे, मोबाइल आहे आणि तरी आपण पाणी जिभेने ठरवतोय.

या महिन्यात करून बघा

• अहवाल मागा. ग्रामपंचायत अधिकारी किंवा जलसुरक्षकाकडे शेवटचा रासायनिक आणि जैविक तपासणी अहवाल मागा. आधी नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू बघा. जडपणा त्यानंतर. केंद्राच्या जलगुणवत्ता पोर्टलवरही गावनिहाय तपासण्यांची नोंद असते.

• मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

• स्वतः नमुना द्या. घरचा बोअर असेल तर तो सरकारी यादीत नसतो. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नाममात्र शुल्कात तपासणी होते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक लागते, ती तिथूनच मागून घ्या.

• शेवटच्या नळाची तपासणी मागा. क्लोरीनची ओटी टेस्ट टाकीजवळ नको, शेवटच्या वस्तीत करायला सांगा. मोबाइलवर फोटो आणि तारीख ठेवा.

• जारवाल्याला विचारा. पाणी कुठलं, शेवटची तपासणी कधी, कागद दाखवता का? आपण गिऱ्हाईक आहोत, विचारायचा हक्क आहे.

• जडपणापुरते घरगुती उपाय. पाणी उकळून, थंड करून, वरचं नितळ पाणी काढून घेतलं तर जडपणाचा एक भाग खाली बसतो. कॉईलवरचा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने सुटतो. फक्त प्लग काढून, कॉईल थंड झाल्यावर. केसांना शेवटचं पाणी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचं मिळालं तर फरक लगेच कळेल.

• पाऊस साठवा. पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहू द्या, नंतरचा टाकीत घ्या. डाळ शिजवायला आणि कपडे धुवायला याच्यासारखं हलकं पाणी नाही. प्यायचं असेल तर झाकून ठेवा आणि निर्जंतुक करून घ्या.

वय अठरा पूर्ण आहे आणि मतदार यादीत नाव आहे? मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, कुणी बोलावण्याची वाट बघायची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास गावोगाव ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एकच वाक्य म्हणा, ‘आपल्या नळाच्या पाण्याचा अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि पंचायतीच्या फळ्यावर लावा.’

अहवाल चांगला निघाला तर गावातल्या कित्येक घरांचे वर्षाचे सात हजार रुपये वाचतील. वाईट निघाला तर कुठल्या घरातल्या बाळाला कोणतं पाणी द्यायचं नाही, हे तरी त्या दिवशी कळेल.